ॲडमिरल कानारिस : शपथ कोणाची, निष्ठा कोणाशी?

एप्रिल महिना उजाडला की वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे लागतात. ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब. जयंतीच्या या धामधुमीत ९ एप्रिल ही तारीख कोणाच्या ध्यानात राहण्याचे कारण नाही. पण १९४५ साली याच तारखेच्या पहाटे जर्मनीतल्या फ्लॉसनब्युर्गच्या छळछावणीत एका माणसाला फासावर लटकवण्यात आले. तो ज्यू नव्हता, कम्युनिस्ट नव्हता, कामगार पुढारीही नव्हता. तो जर्मन आरमाराचा ॲडमिरल होता आणि नऊ वर्षे हिटलरच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख होता. त्याचे नाव विल्हेल्म कानारिस.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला या माणसाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, परभणीकरांना तर त्याची गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि समाज रस्त्यावर आला. एका प्रतिकृतीसाठी एवढा उद्रेक कशाला, असे म्हणणारे शहाणे आजही भेटतात. संविधानाची जागा एखाद्या माणसाने घेतली म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले नाही किंवा ज्यांना पाहायचे नाही, तेच असे म्हणू शकतात. ज्या देशाने ते पाहिले त्या देशातल्या एका बड्या अधिकाऱ्याची ही कहाणी आहे.

कानारिसचा जन्म १ जानेवारी १८८७ रोजी डॉर्टमुंडजवळच्या आप्लरबेक गावी झाला. बाप लोखंडाच्या कारखान्यातला बडा अधिकारी, घर सुखवस्तू. १९०५ साली तो कीलच्या बंदरात आरमारी शिक्षणासाठी दाखल झाला. बुटका, अबोल, पण भाषा चटकन आत्मसात करणारा. स्पॅनिश तर तो अस्खलित बोले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो ड्रेस्डेन नावाच्या युद्धनौकेवर होता. सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारी एम्डन ही याच ड्रेस्डेनची जोडनौका. डिसेंबर १९१४ मध्ये फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिशांनी जर्मन ताफा बुडवला. त्यातून ड्रेस्डेन तेवढी निसटली. मार्च १९१५ मध्ये चिलीच्या एका बेटापाशी तीही कोंडीत सापडली आणि तिच्या कप्तानाने ती स्वतःच बुडवली. खलाशी चिलीत स्थानबद्ध झाले. कानारिस तिथून पळाला, अँडीज पर्वत ओलांडून अर्जेंटिनात पोहोचला आणि रीड रोसास या खोट्या नावाच्या चिलियन पारपत्रावर डच जहाजाने शत्रूच्या इंग्लंडमधील प्लिमथ बंदरावरून सहीसलामत घरी आला. पुढे त्याने स्पेनमध्ये हेरगिरी केली, भूमध्य समुद्रात पाणबुडीचे कप्तानपद केले. हुशारी, धाडस, कामावरची निष्ठा, काहीच कमी नव्हते. प्रश्न पुढचा आहे. ही निष्ठा कोणाच्या पायाशी वाहिली गेली?

जर्मन आरमारात अधिकारी आणि खलाशी ही जणू दोन वेगळी वर्णे होती. अधिकाऱ्यांचे जेवण वेगळे, राहणे वेगळे, मान वेगळा. खलाशांनी कष्टायचे आणि निकृष्ट अन्न खायचे. १९१७ साली खलाशांनी वाईट अन्नाविरुद्ध आणि युद्धाविरुद्ध आवाज उठवला. त्यांचे पुढारीपण करणाऱ्या माक्स राइशपिच आणि आल्बिन क्योबिस या दोन तरुणांना ५ सप्टेंबर १९१७ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. पण ठिणगी विझली नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये कीलच्या खलाशांनी बंड केले, कैसरचे सिंहासन कोसळले आणि जर्मनी प्रजासत्ताक झाला. कानारिस पाणबुडी घेऊन कीलला परतला तेव्हा बंदरावर लाल झेंडे होते. त्याला त्यात गुलामीतून उठणारा माणूस दिसला नाही, त्याला फक्त बेशिस्त दिसली. वरच्या पायरीवर जन्मलेल्याला खालच्याचे उठणे नेहमी बेशिस्तच वाटते. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

१५ जानेवारी १९१९ रोजी कामगारांचे पुढारी कार्ल लीब्क्नेख्ट आणि रोझा लुक्झेंबुर्ग यांचा लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिनमध्ये खून केला. रोझाचा देह लांडवेर कालव्यात फेकून दिला. मे महिन्यात खटल्याचा देखावा झाला. आरोपी अधिकारी, न्यायाधीशही अधिकारी. त्या न्यायासनावर कानारिसही बसला होता. शिक्षा नाममात्र झाल्या. फोगेल नावाचा आरोपी तर बनावट कागदपत्रांवर हॉलंडला पसार झाला. या पलायनात कानारिसचा हात होता असे इतिहासकार मानतात. त्याची चौकशी झाली आणि तो सुटला. पुढच्याच वर्षी प्रजासत्ताक उलथवण्यासाठी काप नावाच्या पुढाऱ्याने जो उठाव केला, त्यालाही कानारिसचा पाठिंबा होता. उठाव फसला, कानारिसला थोडे दिवस अटक झाली आणि तो पुन्हा नोकरीत रुजू झाला. जे प्रजासत्ताक त्याला पगार देत होते, त्याच्याशी तो मनाने कधीच एकनिष्ठ नव्हता. संविधान कागदावर आले म्हणून ते चालवणाऱ्यांच्या मनात उतरतेच असे नाही, याचा हा पहिला धडा.

आता शपथेची गोष्ट पाहू, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. १९१९ नंतर जर्मन सैनिक देशाच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेत असे. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शपथ बदलली. संविधान गेले, तिथे जनता आणि पितृभूमी हे शब्द आले. ऐकायला किती गोड! देशाच्या नावाला कोण नाही म्हणणार? २ ऑगस्ट १९३४ रोजी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला आणि त्याच दिवशी शपथ पुन्हा बदलली. आता सैनिकाने थेट आडॉल्फ हिटलर या व्यक्तीच्या बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घ्यायची होती. संविधानाकडून देशाकडे, देशाकडून एका माणसाकडे. अवघ्या आठ महिन्यांत तीन पायऱ्या. तोफ उडाली नाही, रक्त सांडले नाही. कवायतीच्या मैदानावर हात वर करून लाखो सुशिक्षित माणसांनी आपली सदसद्विवेकबुद्धी एका माणसाच्या स्वाधीन केली. हिटलर बोल्शेविकांना ठेचील आणि सैन्याला मान देईल या आशेने कानारिस त्यांत खुशीने सामील झाला.

१ जानेवारी १९३५ रोजी, आपल्या अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवशी, तो आबवेर या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख झाला. त्याचे कार्यालय बर्लिनच्या टिर्पिट्झ धक्क्यावर, त्याच लांडवेर कालव्याच्या काठी होते, ज्या कालव्यात सोळा वर्षांपूर्वी रोझाचा देह फेकला गेला होता. पांढऱ्या केसांचा हा ॲडमिरल आपली लाडकी कुत्री घेऊन तिथे येई. नाझी पक्षाच्या हेरखात्याचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिश हा एकेकाळी बर्लिन नावाच्या जहाजावर त्याच्या हाताखाली शिकलेला पोर. आता दोघे शेजारी राहत. हायड्रिश कानारिसच्या पत्नीबरोबर व्हायोलिन वाजवी आणि दिवसा दोघे एकमेकांवर पाळत ठेवीत. १९३६ मध्ये स्पेनच्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध फ्रँकोने बंड केले, तेव्हा फ्रँकोला मदत द्यावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत कानारिस पुढे होता.

मग त्याचे डोळे केव्हा उघडले? १९३८ साली. हिटलरने खोटेनाटे आरोप रचून आपल्या सेनापतींना दूर केले आणि चेकोस्लोव्हाकियावर चाल करण्याची तयारी केली. कानारिसच्या कार्यालयातला हान्स ओस्टर हा अधिकारी हिटलरला उलथवण्याच्या कटाची सूत्रे हलवू लागला. कानारिसने त्याला अडवले नाही, त्याच्यावर पांघरूण घातले. पण सप्टेंबर १९३८ अखेर म्युनिक येथे इंग्लंड आणि फ्रान्सने हिटलरला हवे ते देऊन टाकले आणि कट तिथेच जिरला.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड पडू लागला. तिथले शिक्षक, धर्मगुरू, सरदार, शिकलेसवरलेले सगळे लोक वेचून मारण्याचे बेत कानारिसच्या कानी आले. १२ सप्टेंबरला तो हिटलरच्या आगगाडीत जाऊन लष्करप्रमुख कायटेलला भेटला आणि जग या कृत्यांसाठी जर्मन सैन्याला जबाबदार धरील असे त्याने बजावले. निर्णय हिटलरचा आहे, एवढेच उत्तर मिळाले. एखाद्या समाजाला कायमचे गुलाम करायचे असेल तर आधी त्याची शिकलेली माणसे संपवायची, हे हिटलरला नेमके कळत होते. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये रशियन युद्धकैद्यांच्या छळाविरुद्ध कानारिसच्या खात्याने कायटेलकडे लेखी हरकत नोंदवली. ती धुडकावली गेली. जर्मनांच्या हाती पडलेल्यांपैकी सुमारे ३३ लाख रशियन कैदी उपासमारीने, थंडीने आणि गोळ्यांनी मेले. आणि १९४२ मध्ये त्याच्या खात्याने चौदा ज्यू आणि ज्यू वंशाच्या माणसांना आपले हेर असल्याचे भासवून स्वित्झर्लंडमध्ये पोहोचवले. ते जगले.

चौदा जीव वाचले याचा आम्हाला आदरच आहे. पण वहीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. साठ लाख ज्यू मारले गेले त्या वर्षांत हा माणूस त्या राजवटीचा कान आणि डोळा होता. त्याच्याच खात्याशी जोडलेले गुप्त लष्करी पोलीस पूर्वेकडच्या हत्यांत सामील होते. पोलंडवर आणि रशियावर चाल करण्यापूर्वीची हेरगिरी त्याच्याच माणसांनी केली. तो रात्री कटवाल्यांना सांभाळी आणि सकाळी हिटलरला अहवाल देई. शपथ मोडण्याचे धैर्य नाही आणि शपथ पाळण्याची इच्छा नाही, अशा कात्रीत त्याने सात वर्षे काढली.

आणि खाते तरी कसे चालले? जून १९४२ मध्ये घातपातासाठी आठ माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवली. आठही पकडली गेली, सहांना मृत्युदंड झाला. इंग्लंडमध्ये पाठवलेले हेर ब्रिटिशांनी पकडून आपल्याच बाजूने वापरले. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले, त्याचा सुगावाही लागला नाही. या छुप्या युद्धाची झळ आपल्या कोकणपट्टीलाही लागली होती. गोव्याच्या मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या एहरेनफेल्स या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, या संशयावरून मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांनी कलकत्त्याहून माणसे आणून त्या जहाजावर रात्री छापा घातला.

त्याच काळात आपल्या देशात काय चालले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. शत्रूचा शत्रू तो मित्र, या न्यायाने हिटलरकडे आशेने पाहणारे आपल्याकडे कमी नव्हते. बाबासाहेब त्यांत नव्हते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी कामगारांना उघड सांगितले की, नाझींची नवी व्यवस्था आली तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना जागाच उरणार नाही, म्हणून हे युद्ध कामगाराचे आहे. बर्लिनमध्ये सगळी गुप्त माहिती हाताशी असलेल्या ॲडमिरलला जे कळायला १९३८ साल उजाडावे लागले आणि कळूनही उघड बोलता आले नाही, ते बाबासाहेबांनी भर सभांतून सांगितले. माणसाला दृष्टी गुप्त माहितीने येत नाही. माणूस माणसाला काय समजतो, यावरून ती येते.

एप्रिल १९४३ मध्ये नाझींच्या पोलिसांनी कानारिसच्या कार्यालयातूनच हान्स फॉन डोनान्यीला पकडले. धर्मपंडित डीट्रिश बोनहॉफर त्याच दिवशी पकडला गेला. ओस्टरला दूर केले. १९४४ च्या आरंभी इस्तंबूलमधला एक हेर ब्रिटिशांना जाऊन मिळाला आणि हिटलरने फेब्रुवारीत कानारिसला हटवून त्याचे खाते हिमलरच्या पंजात दिले. २० जुलै १९४४ रोजी हिटलरवर बाँबहल्ला झाला, हिटलर वाचला. त्या बाँबच्या कटात कानारिसचा प्रत्यक्ष हात नव्हता, तरी २३ जुलैला त्याला अटक झाली. एप्रिल १९४५ च्या सुरुवातीस त्याच्या दैनंदिनीची पाने सापडली आणि हिटलरने मृत्यूचा हुकूम दिला. ८ एप्रिलला छळछावणीतच न्यायालय भरले. वकील नाही, बचाव नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ओस्टर, बोनहॉफर आणि कानारिस यांना फाशी दिले गेले. दोनच आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली. रोझाच्या खुन्यांसाठी जो नकली न्यायासनावर बसला होता, त्याच्या वाट्याला शेवटी नकली न्यायासनच आले. कायद्याला एकदा चेष्टा केले की तो कोणालाच वाचवायला उरत नाही.

यापुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ज्याने त्या छावणीत फाशीचा निकाल दिला तो न्यायाधीश युद्धानंतर वकिली करीत होता. त्याच्यावर खटला चालला आणि १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कारण काय, तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ते न्यायालय कायदेशीर होते! नाझी काळातले असे अन्यायी निकाल कायद्याने रद्द ठरवायला जर्मन संसदेला १९९८ साल उजाडले. नियमाप्रमाणे झाले, वरून हुकूम होता, कागदपत्रे पूर्ण आहेत, ही भाषा आपण तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत रोज ऐकतो. मनुस्मृतीही एकेकाळी कायदाच होती. म्हणून तर ती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळावी लागली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला जे इशारे दिले, त्यांतला एक नेमका हाच होता. माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्तीचे स्थान काय असेल ते असो, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते, असे त्यांनी सांगितले. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार आणि न्यायाधीश यांच्या शपथा आहेत. त्यांत कोणा पंतप्रधानाचे नाव नाही, पक्षाचे नाही, नुसत्या देशाचेही नाही. कायद्याने स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी निष्ठा, असे शब्द आहेत. जर्मनीने आठ महिन्यांत ज्या तीन पायऱ्या उतरल्या, त्यांतली पहिली पायरी घट्ट धरून ठेवणारे हे शब्द आहेत. संविधानाच्या प्रतिकृतीवर पडलेला घाव आम्हाला काचेवर पडलेला वाटत नाही, त्याचे कारण हेच.

आता आपल्याकडच्या गुप्तहेर खात्यांचा विचार करू. इंटेलिजन्स ब्युरोचे मूळ १८८७ सालच्या ब्रिटिश राजवटीत आहे, रॉ १९६८ साली स्थापन झाली. या दोन्ही संस्थांसाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. २०११ साली एका खासदाराने तसे खासगी विधेयक आणले, ते कायदा होऊ शकले नाही. देशाला हेरखाते लागते, याबद्दल आमचे दुमत नाही. पण जे खाते सर्वांना पाहते, त्याला पाहणारा कायदा नको काय? आपल्या चळवळीला पाळतीचा अनुभव जुना आहे. बाबासाहेबांच्या सभा-परिषदांची किती तरी माहिती आज ब्रिटिश पोलिसांच्या गुप्त अहवालांतून मिळते. त्यांना भीती होती ती बाबासाहेबांच्या एखाद्या छुप्या कटाची नव्हे. त्यांच्यापाशी छुपे काही नव्हतेच. चवदार तळे दिवसाउजेडी झाले, काळाराम दिवसाउजेडी झाले, धर्मांतराची घोषणा येवल्यात हजारोंसमोर झाली.

कानारिस आणि आपली परंपरा यांत हा मोठा फरक आहे. त्याचा विवेक तळघरात राहिला, म्हणून तो चौदा माणसांपलीकडे पोहोचला नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये बंदला हिंसक वळण लागले, मग वस्त्यांत शिरून धरपकड झाली आणि कायद्याचा एक तरुण विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईने तळघरातला मार्ग धरला नाही, ती न्यायालयात उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एका सामान्य बाईला सत्तेला जाब विचारता येतो, ही ताकद कोणाच्या मेहेरबानीची नव्हे, संविधानाची आहे.

आमच्या वाचकांत पोलीस आहेत, सैनिक आहेत, कचेऱ्यांतले कारकून आणि अधिकारी आहेत. आरक्षणाच्या वाटेने खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या आमच्या या भावा-बहिणींना आमचे सांगणे एवढेच आहे की, साहेब कोण आहे हे पाहून निष्ठा ठरवू नका. चुकीचा हुकूम आला तर तो लेखी मागा, लेखी हरकत नोंदवा, संघटनेत बोला, न्यायालयात बोला. मनातल्या मनात हळहळून चालणाऱ्या गाड्याला वंगण घालत राहणे याला विरोध म्हणत नाहीत.

बर्लिनच्या त्या कालव्याकाठच्या रस्त्याला पूर्वी टिर्पिट्झ या बड्या ॲडमिरलचे नाव होते. तिथेच ॲडमिरल कानारिसने आपला दुहेरी संसार केला. १९४७ साली त्या रस्त्याचे नाव बदलले. पण नवे नाव कानारिसचे दिले नाही. १९१७ साली निकृष्ट अन्नाविरुद्ध आणि युद्धाविरुद्ध उघडपणे उभ्या राहिलेल्या आणि त्यासाठी गोळी खाल्लेल्या खलाशाचे नाव दिले. तो रस्ता आज माक्स राइशपिचच्या नावाने ओळखला जातो.